साडेआठ तासांचं नाटक टीव्हीवर कशाला बघायचं?

तिसरी_घंटा:
काल इथे कोणीतरी ठोकून दिलंय की रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'निकोलस निकलबी' नाटकाचं, ब्रिटिश टीव्हीच्या चॅनल फोरवालं रेकॉर्डिंग ना धड नाटक ना धड सिनेमा, त्यापेक्षा डिकन्सची मूळ कादंबरी वाचा. आणि बघितलं किती? तर अर्धा तास! अहो, साडेआठ तासांचा ऐवज आहे. नट टेबलं-ट्रंका रचून डोळ्यांदेखत घोडागाडी उभी करतात, गोष्ट सांगता सांगता त्यातलाच एकजण पात्र होऊन बोलायला लागतो, हे कुठे मिळणार?

विंगेतून:
ते 'कोणीतरी' म्हणजे मी. घोडागाडी उभी राहते हो, पण कॅमेरा नेमका कोणाच्यातरी थोबाडावर. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज क्लोजअपमध्ये अंगावर येतो. हौशी नाटकात कामं केलीत म्हणून बोलतोय, आमच्या प्रयोगाचं शूटिंग बघितलं तेव्हा माझ्या भुवयाच दोन अंकभर नाचत होत्या.

बाल्कनीवाला:
तुमच्या भुवयांचं खापर कॅमेऱ्यावर कशाला? 1981ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर याचं तिकीट 100 डॉलर होतं. ज्यांना परवडलं नाही त्यांनी काय करायचं, भिंतीला कान लावायचा?

पुस्तकी_किडा:
वाचा म्हणणाऱ्यांनी तरी अख्खी वाचलीय का? की शाळेतली संक्षिप्त आवृत्ती? या संक्षिप्तवाल्यांनी वैताग आणलाय, शंभर पानं चाळायची आणि आयुष्यभर डिकन्सवर बोलायचं.

विंगेतून:
अख्खी वाचलीय. दोनदा.

तिसरी_घंटा:
मग हेही माहीत असेल की ती 1838-39मध्ये महिन्याच्या हप्त्यांनी आली होती. टीव्हीवर चार भागांत दाखवली तर बिघडलं काय?

पुस्तकी_किडा:
संक्षिप्तवर कोणीच बोलत नाहीये. माझ्या भाचीला बक्षीस म्हणून तसलंच पुस्तक मिळालं, मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' शब्दसुद्धा नाही, ही फसवणूक नाही तर काय?

बाल्कनीवाला:
संक्षिप्त वाचूनच मी मूळ पुस्तकाकडे गेलो. सगळे जन्मतःच विद्वान नसतात साहेब.

पुस्तकी_किडा:
तुम्ही गेलात. बाकीचे तिथेच थांबले.

तिसरी_घंटा:
धागा नाटकाचा आहे!! विंगेतून, डेव्हिड थ्रेलफॉलनं केलेला स्माइक, तो छळलेला पोरगा, बघितलात का? शब्द बाहेर पडायच्या आधी ते अख्खं शरीर कसं पिळवटतं, ते बाल्कनीतून दिसलं असतं?

विंगेतून:
बरं बाई, स्माइकपुरता क्लोजअप माफ. पण नाट्यरूपांतर करणाऱ्या डेव्हिड एडगरनी गोष्टीतल्या क्रमल्सच्या फिरत्या नाटक मंडळीचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' एवढा लांबवलाय, मेलेले उठून बसतात, कादंबरीत हे कुठंय?

बाल्कनीवाला:
म्हणजे अर्ध्या तासाच्या पुढे बघितलंत तर!