भेंडीवर तुडतुडे, वाफ्यात लव्हाळा. दोन्हीला पाल्याचा अर्क चालेल का?

फलटणचा_भेंडीवाला:
नमस्कार मंडळी. बोअरच्या पाण्यावर १० गुंठे भेंडी आहे, तोडा एक दिवसाआड. पानं कडेने वर वळायला लागलीत. उलटून बघितलं तर हिरवे तुडतुडे तिरके पळतात. थोडी पांढरी माशीही आहे. घरात हीच भेंडी खातो, म्हणून कडक औषध नकोय. शेजारी म्हणतो दशपर्णी, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला अर्क, मार. दुसरं म्हणजे वाफ्यात लव्हाळा आणि बांधावर गाजरगवत माजलंय. ज्वारीचा कडबा उकळून ते पाणी फवारलं की तण मरतं, असा व्हिडिओ पाहिला. कुणी केलंय का?

गच्चीवाला_ठाणे:
व्हिनेगर, मीठ आणि भांड्यांचा साबण. गच्चीच्या फरशीतलं गवत लगेच करपलं माझ्याकडे.

माळरानची_माई:
ठाणेकर दादा, फरशीत तुम्हाला पुन्हा भेंडी लावायची नाही! शेतात मीठ ओतू नका हो कुणी, जमीन खारवते.

भाऊ, आधी तुडतुड्यांचं बघू. दशपर्णी ड्रमात महिनाभर कुजवायची, तोवर तुमचा निम्मा बहर जाईल. त्यात बरेच जण रुई, कण्हेर, धोतराही घालतात. झाडपाल्याचं आहे म्हणून ते पोटात गेलेलं चालतं असं नाही. एक दिवसाआड तोड्याच्या मालावर मी तरी मारणार नाही. तंबाखूच्या पाण्याचंही तेच.

निंबोळी अर्क करा. १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळी पावडर. सावलीत वाळलेली निंबोळी घ्या, बुरशी लागून काळी पडलेली नको. रात्री दीड लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून दोन-तीनदा पिळा. पाणी ताकासारखं पांढरट आलं पाहिजे. गाळ नीट काढा, नाहीतर नोझल चोंदतं आणि मग अख्खी संध्याकाळ तारेने टोचत बसा. ३० ग्रॅम साबण विरघळवून टाका आणि पंप भरून घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या गुठळ्या होतात, त्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम.

फवारायचं ऊन उतरल्यावर, कारण उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर निकामी होतं. पानाच्या खालून मारा, तुडतुडे तिथेच असतात. आणि दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका. पिल्लांना कात टाकता येत नाही, खाणं मंदावतं, असं त्याचं काम आहे. मोठ्या तुडतुड्यांवर जोर कमी, म्हणून ८-१० दिवसांनी पुन्हा.

तणाला मात्र खुरपंच.

कृषी_पदवीधर:
माईंना दुजोरा. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य पाझरतं, ते बारीक बियांच्या तणांची उगवण दाबतं, हे खरं आहे. पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असतात, वरून मारलेला काढा तिथवर पोचत नाही. पाती करपली तरी गाठीतून नवा कोंब येतो. कडबा उकळण्यापेक्षा ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरा. गाजरगवत फुलाआधी उपटा, हातमोजे घालून, अंगाला खाज सुटते. आणि एक, शिरा पिवळ्या पडलेली झाडं दिसली तर तो हळद्या रोग. पांढरी माशी पसरवते. अर्काने ते झाड सुधारत नाही, उपटून लांब नेऊन पुरा.

फलटणचा_भेंडीवाला:
पिवळ्या शिरांची चार-पाच झाडं आहेत, उद्याच काढतो. माई, दुकानात निंबोळी पेंड मिळते, तीच भिजवली तर?

माळरानची_माई:
नको. पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, ती खतात घाला. अर्काला अख्ख्या निंबोळीची पावडर मागा. नसेलच तर १५०० पीपीएमचं (हे अझाडिरॅक्टिनचं प्रमाण, बाटलीवर लिहिलेलं असतं) तयार निंबोळी औषध घ्या, मात्रा आणि तोड्याआधी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर वाचा. आणि तोडा झाल्यावरच फवारा, आधी नाही.