मदत हवी आहे: आप्पा बियर पिऊन हसतात, व्हिस्की पिऊन भांडतात. फरक खरंच दारूचा असतो का?

नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. मी नोकरीसाठी नाशकात असते. प्रश्न वडिलांबद्दल आहे, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वय ५९, कापूस आणि थोडी केळी. विषय कृपया हसण्यावारी नेऊ नका, घरी आई आणि वहिनीची यापायी झोप उडालीय.

आमच्या घरात वर्षानुवर्षं एक समजूत पक्की आहे: आप्पांना बियर मानवते, व्हिस्की डोक्यात जाते आणि मोहाची रडवते. समजूत उगाच झालेली नाही, तिन्ही रूपं आम्ही पाहिलीत.

थंडीत मळ्यात भरीत पार्टी असते. तुराट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, आठ-दहा माणसं. तिथे आप्पा रात्री नऊ ते बारा दोन स्ट्राँग बियर पितात आणि बैलबाजाराचे किस्से सांगतात. रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा व्हायचा ते शेजाऱ्याचा हात धरून करून दाखवतात, समोरच्याचं तोंड कसं पडायचं तेही. माणसं हसून हसून लोळतात. मला माझे वडील असेच आठवायला आवडतात.

व्हिस्कीचं उलट. स्टँडवरून क्वार्टर आणायची, पडवीत एकट्याने बसायचं, अर्ध्या तासात संपवायची, पोटात काही नाही. मग जेवणाचं ताट सरकवणं, काकांसोबतच्या वाटणीचं जुनं भांडण उकरणं. गेल्या महिन्यात भिरकावलेला तांब्या वहिनीच्या कोपराला लागला. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला पावरा मित्राकडे जातात, तिथे मोहाची होते. परत आले की वारलेल्या थोरल्या भावाची आठवण काढून रडतात.

म्हणून आईने नियम केला: क्वार्टर आणू द्यायची नाही, त्यापेक्षा बियर द्या. माझा भाऊ स्वतः आणून फ्रिजमध्ये ठेवतो. दिवाळीत मी घरी होते. आप्पा फ्रिजमधल्या तीन बाटल्या भराभर प्यायले आणि तेच झालं. तेच ताट, तेच वाटणीचं भांडण. आई म्हणाली, त्यात कोणी काही मिसळलं असेल.

मी बाटल्यांवरचे आकडे घेऊन बसले. स्ट्राँग बियर जास्तीत जास्त ८ टक्के, बाटली ६५० मिली, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, क्वार्टर १८० मिली, म्हणजे साधारण ७७ मिली. तीन बाटल्यांचे १५६ आणि दोन क्वार्टरचे १५४! बियर म्हणजे हलकं असं समजून आम्ही स्वतःच त्यांना दोन क्वार्टर पाजल्या. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

पण मग वाचनात वेगळंच आलं. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापून आली होती. २१ देशांतले १८ ते ३४ वयाचे सुमारे ३० हजार लोक. व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या कडक दारूने आक्रमक वाटतं असं जवळपास ३० टक्क्यांनी सांगितलं, रेड वाइनबद्दल तसं म्हणणारे फक्त अडीच टक्के. बियर आणि रेड वाइनने निवांत वाटतं असं निम्म्याच्या आसपास लोक म्हणाले. हे आईला सांगितलं तर ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. पण ही लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली भावना आहे, कारण काय ते त्यातून ठरत नाही, एवढं मला समजतं.

तर व्हिस्कीत खरंच असं काही वेगळं असतं का जे बियरमध्ये नसतं? भावाने फ्रिज भरणं चालू ठेवावं की थांबवावं? आणि आप्पांशी बोलायचं कसं? दारूचा विषय काढला की उठून मळ्यात जातात.

प्रतिसाद: पांझराकाठ

ताई, मी धुळ्यात व्यसनमुक्तीच्या कामात आहे. नशा आणणारा पदार्थ सगळ्यांत एकच, इथेनॉल. गडद रंगाच्या दारूत इतर घटक जास्त असतात, त्याने दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी वाढते, पण राग त्यातून येतो असं नाही. फरक पडतो तो किती, किती वेळात आणि काय खाऊन. उपाशीपोटी अर्ध्या तासात घेतलेली क्वार्टर रक्तात झपाट्याने चढते, तीन तास खात-बोलत घेतलेली बियर सावकाश. रक्तातलं प्रमाण चढत असताना माणूस खुलतो, उतरायला लागलं की मरगळतो, हळवा होतो. मोहाचं रडणं बहुधा परतीच्या वाटेवरचंच.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. १९७५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही पुरुषांना व्होडका दिली, काहींना नुसतं टॉनिक वॉटर, आणि पेल्यात काय आहे हे मुद्दाम अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना खोटं सांगितलं. आपण दारू प्यायलो असं ज्यांना वाटत होतं ते जास्त आक्रमक वागले, पेल्यात काहीही असो. तुमच्याकडे सगळं घर ‘व्हिस्की डोक्यात जाते’ म्हणतं, आप्पाही ते ऐकतच असतील.

मोहाबद्दल मात्र वेगळी काळजी घ्या. चोरून गाळलेल्या दारूत कोणी मिथेनॉल मिसळलं तर डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली.

एक विचारतो. सकाळी हात थरथरतात का? घाम, मळमळ? तसं असेल तर एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची. घरच्यांनाही बोलता येतं: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनावरच्या ताणासाठी टेली-मानस १४४१६. आणि भांडण झालं ते दिवस आठवून बघा. बाटली कोणती होती ते सोडा, त्या दिवशी दुपारी काय झालं होतं?

प्रतिसाद: अमळनेरची सून

ताई, आम्ही सासऱ्यांना असंच बियरवर ठेवलं होतं, चार वर्षं. मग ती सकाळी लागायला लागली. फ्रिज भरू नका. आणि ते प्यायलेले असताना समजवायला जाऊ नका, कोणीच नाही. सकाळी चहाला बोला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रात्री वहिनीला फोन लावला. तिचा दुधाचा हिशोब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर असतो, त्यावरून तिने एकेक दिवस आठवला. दसऱ्यापासून पाच भांडणं. तीन दिवशी कापसाचा व्यापारी भाव पाडून गेला होता. एकदा बँकेचा फोन आला होता. पाचवं दिवाळीतलं, त्या दुपारी काकांनी बांधावरचं लिंबाचं झाड तोडलं होतं. मी घरात होते आणि मला हे माहीतही नव्हतं.

भरीत पार्टीच्या रात्री असं काही नव्हतं. माणसं होती आणि आप्पांचं ऐकणारं कोणीतरी होतं. मागे एकदा फोनवर ते म्हणाले होते, “कोनी इचारस का माले?” मी तेव्हा विषय बदलला.

भावाने आजपासून फ्रिज भरणं थांबवलंय. पण थरथरीचं विचारलंत म्हणून आईला विचारलं. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, सकाळी आठपर्यंत चहाची बशी हातात वाजते, म्हणून महिनाभर ती त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात देतेय.

म्हणजे आता घरच्या घरी सोडवायची नाही, हे मी धरून चालते. शनिवारी पहाटे गावी पोचेन. जळगावला सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी शनिवारी असते का, आणि केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात, हे कोणाला नक्की माहीत असेल तर कृपया लिहा. आप्पांना काय सांगून न्यायचं तेही सुचवा. खोटं बोलून न्यायची माझी इच्छा नाही.