लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बोइंक: मुलं बसली की मशीन जड होतं

लॅबसहायक:
कॉलेजच्या लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर आहेत. चार कोअर, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन बोइंक (कॉम्प्युटरची रिकामी ताकद संशोधनाला देणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, त्याला रोझेटा ॲट होम हा प्रथिनांवरचा संशोधन प्रकल्प जोडलाय. मुलं बसली की ब्राउझर उघडायलाच अर्धा मिनिट लागतो. टास्क मॅनेजरमध्ये बोइंकच्या कामांची प्रायॉरिटी 'लो' दिसते. सीपीयू टाइम ५० टक्क्यांवर आणला, तरी फरक नाही. उलट पंखा सारखा वर-खाली होतो. चुकतंय कुठे?

निवांतकोअर:
दोष सीपीयूचा नाही. बोइंकची कामं सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीने चालतात, ब्राउझरने मागितला की कोअर लगेच सुटतो. रॅम तशी सुटत नाही. रोझेटाचं एक काम १ जीबीच्या वर सहज जातं. चार कोअरवर चार कामं, म्हणजे निम्मी रॅम गेली. मग विंडोज पेजफाइलकडे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे वळतं आणि डिस्क खडखडत बसते. रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीखाली 'हार्ड फॉल्ट्स' (रॅममध्ये नसलेला डेटा डिस्कवरून किती वेळा आणावा लागला) बघा. मुलं बसताच आकडा उसळला तर हेच कारण.

बोइंकच्या 'कम्प्युटिंग प्रेफरन्सेस'मध्ये सीपीयू टाइम परत १०० करा. तो कमी केला की बोइंक काम क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं. पंखा त्यानेच वर-खाली होतो. थांबलेलं काम रॅम धरूनच असतं. त्याऐवजी कोअर ५० टक्के ठेवा: दोनच कामं, रॅमही निम्मी. वापर चालू असतानाची मेमरी ५० वरून २० टक्के करा, साधारण १.६ जीबी. थांबलेली कामं रॅममध्येच ठेवणाऱ्या 'लीव्ह नॉन-जीपीयू टास्क्स इन मेमरी'ची खूण काढा.

कणकण:
वरचं सगळं बरोबर, पण 'नॉन-बोइंक सीपीयू (बाकीच्या प्रोग्रामचा वापर) २५ टक्क्यांवर गेला तर थांबव' ही खूणसुद्धा काढा. चार कोअरच्या मशीनवर २५ टक्के म्हणजे एकच कोअर. अँटीव्हायरस जरा हलला की कामं थांबतात. मग काम फारसं पुढे सरकत नाही, असं होतं.

शिवाय 'वापरात आहे' हे बोइंक फक्त माउस-कीबोर्डवरून ओळखतं, मुदत ३ मिनिटं. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला की त्याला मशीन रिकामं वाटतं. व्हिडिओ प्लेअर 'एक्सक्लुझिव्ह ॲप्लिकेशन्स'मध्ये घाला, म्हणजे तो चालू असताना बोइंक थांबेल.

लॅबसहायक:
हार्ड फॉल्ट्स खरंच उसळतायत. अजून एक: रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह मूळ स्थितीला आणणारं सॉफ्टवेअर आहे. त्याने काही बिघडतं का?

निवांतकोअर:
बिघडतं. बोइंकचा डेटा फोल्डर सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटामध्ये असतो, म्हणजे रोज अर्धवट कामं पुसली जातात आणि रोझेटाचा सर्व्हर त्यांची मुदत संपेपर्यंत वाट बघत राहतो. इन्स्टॉल करताना 'ॲडव्हान्स्ड'मधून डेटा फोल्डर डी ड्राइव्हवर द्या. डिस्कची एकच इमेज (हुबेहूब प्रत) ३० मशीनवर टाकणार असाल, तर प्रोजेक्ट जोडण्याआधीची घ्या. नाहीतर तीसही मशीन एकाच ओळखीने सर्व्हरकडे जातील. आधीच आणून ठेवायच्या कामाचा साठा ०.१ दिवस ठेवा, जादा साठा ०.१. लॅब रात्री बंद असते, जास्त साठवलेलं मुदतीत होणार नाही.