मदत हवी आहे : अल्झायमर झालेल्या आईत ई४ हा जनुकप्रकार निघाला, आम्ही भावंडांनी तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची. पोस्टातल्या नोकरीत आयुष्यभर लोकांची बचत खाती सांभाळली. आता दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिताना एकाच तारखेच्या चौकोनात तीनदा 'दीड लिटर' लिहिते आणि खोडरबर हातात धरून बसून राहते. बघवत नाही हो.

निदान अल्झायमरचं आहे. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड बीटा प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. हे सगळं विसरभोळेपणा दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. रक्ततपासणीत तिच्या एपीओई या अल्झायमरच्या धोक्याशी संबंधित जनुकाचा प्रकार ई३/ई४ निघाला, म्हणजे जनुकाची एक प्रत ई३ आणि दुसरी ई४. त्यामुळे आम्हा दोघा भावंडांना तिच्याकडून ई४ मिळाला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. ई४ ने धोका वाढतो, पण तो असला म्हणजे आजार होणारच असं नाही, एवढं कळलं. प्रिसेनिलिन नावाच्या जनुकातल्या बिघाडाने चाळिशी-पन्नाशीतच होणारा, घराण्यात उतरणारा अल्झायमरचा प्रकार वेगळा आणि फार दुर्मीळ. तो आमच्याकडे दिसत नाही.

भाऊ म्हणतो, लगेच तपासून टाकू. मला मात्र धास्ती वाटते. कळून काय करणार? रक्तदाब, साखर, चालणं, झोप हे तर तसंही सांभाळायचंच आहे.

तुमच्यापैकी कुणी ही तपासणी केली आहे का? आधी जनुकीय समुपदेशकाला भेटलात का? नंतर मनाचं काय झालं? आरोग्य विम्याला अडचण आली का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.