शब्दचर्चा: ‘सुमित्राने’ की ‘सुमित्रेने’? आणि गस्ती जहाजांची इतर नावं
(प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अनुस्वार
जानेवारी २०२४ मधली बातमी आठवत असेल. सोमालियाच्या पूर्वेला चाच्यांनी पळवलेली ‘इमान’ ही इराणी मासेमारी नौका आपल्या आयएनएस सुमित्रानं सोडवली. तिच्यावर १७ इराणी होते. दोन दिवस उलटायच्या आत त्याच जहाजानं ‘अल नईमी’ही सोडवली, तिच्यावर १९ पाकिस्तानी. तेव्हा कापून ठेवलेलं कात्रण काल रद्दी आवरताना सापडलं. दहा-बारा ओळींच्या मजकुरात एकाच जहाजाला एकदा ‘गस्ती नौका’, एकदा ‘गस्ती जहाज’ आणि एकदा ‘युद्धपोत’ म्हटलंय. यातलं आपलं कोणतं? शिवाय बातमीत ‘सुमित्राने’ आहे. माझ्या आजोबांनी ते लाल शाईनं ‘सुमित्रेने’ केलं असतं. आणि मुळात तोफ बसवलेल्या जहाजाला असं घरगुती नाव का?

खारवी
‘पोत’ तेवढा काढून टाका हो. शब्द संस्कृत आहे आणि हिंदीत रुळलेला आहे, पण मराठी कानाला पोत म्हणजे कापडाचा पोत, बाईच्या गळ्यातली पोत, नाहीतर गोंधळ्याच्या हातातला जळता पोत. समुद्रातून पोत चाललाय म्हटलं की मला संबळ ऐकू येतं. युद्धनौका हा चांगला शब्द असताना युद्धपोत बहुधा हिंदी पत्रकांवरूनच आपल्याकडे येतो.

गस्त मात्र शंभर टक्के आपली झालेली आहे, जन्मानं फारसी असली तरी. तिकडे ‘गश्तन’ म्हणजे वळणं, हिंडणं. हिंदीत ‘श’ टिकला, मराठीनं तो ‘स’ केला. क्रियापदही वेगळं घेतलं: ते गश्त लगाते हैं, आपण गस्त घालतो.

पहारा आणि टेहळणी यांच्याशी तिची गल्लत करू नका. पहारा ‘प्रहर’मधून आलाय, ठरलेला वेळ एका जागी उभं राहून द्यायचा. टेहळणी हे डोळ्यांचं काम, ती बुरुजावर बसूनही होते. गस्तीत पाय हलले पाहिजेत. म्हणून बंदराच्या तोंडाशी नांगरलेलं जहाज पहाऱ्यावर असतं, गस्तीवर नसतं. जुन्या मराठीत रात्रीच्या फेरीला ‘रोंद’ असाही शब्द आहे, आणि पोर्तुगीजमध्ये गस्तीला ‘रोंदा’च म्हणतात.

दोन मात्रा
‘सुमित्रेने’बद्दल. आजोबांचं चुकत नव्हतं. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं: शाळेने, गंगेने, सीतेने. पण विशेषनामांत हे रूप आता पुराणातल्या बायकांपुरतं आणि नद्यांपुरतं उरलंय. ‘सुमित्रेने लक्ष्मणाला वनात धाडलं’ आणि ‘सुमित्राने मला काल फोन केला’ ही दोन्ही वाक्यं आज बरोबर वाटतात, आणि अदलाबदल केली तर दोन्ही विचित्र. दुसऱ्या वाक्यातली सुमित्रा आपल्या ओळखीची आहे, तिचं नाव मोडायला जीभ धजत नाही. जहाज या दोघींपैकी कोणाच्या बाजूला? माझं मत दुसरीच्या. ते हयात आहे, कामावर आहे, म्हणून ‘सुमित्राने’. ‘आयएनएस’ जोडल्यावर तर ‘आयएनएस सुमित्रेने’ म्हणजे हेल्मेटखाली पगडी.

ओघानं एक. आयएनएसमधला शेवटचा ‘एस’ म्हणजे ‘शिप’, जहाजच. तेव्हा ‘आयएनएस सुमित्रा हे जहाज’ लिहिणारा जहाज दोनदा सांगतो. चालायचं, आपण ‘लेडीज बायका’ही म्हणतो.

आणि लिंगाचं काय करायचं तेही ठरवा. ‘विक्रांत’ हे विशेषण पुरुषाला शोभणारं, तरी मराठी वर्तमानपत्रात विक्रांत ताफ्यात दाखल ‘झाली’. मनातल्या मनात आपण पुढे ‘युद्धनौका’ जोडलेलं असतं. त्याच न्यायानं सह्याद्रीसुद्धा मुंबईहून ‘निघाली’! जहाज शब्द लिहिलात तर ‘निघालं’ म्हणा, नौका लिहिलीत तर ‘निघाली’. एका परिच्छेदात दोन्ही नकोत.

वास्कोकर
सुमित्रा आमच्या गावची, गोवा शिपयार्डात बांधलेली. चार बहिणी आहेत: सरयू, सुनयना, सुमेधा, सुमित्रा. पहिल्या तिघींपैकी दोन २०१३ मध्ये आणि तिसरी २०१४ मध्ये नौदलात गेली, सुमित्रा २०१४ च्या सप्टेंबरात. लांबी १०५ मीटर. त्यांच्याआधीची पिढी सुकन्या वर्गाची (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं). त्यातली पहिली तीन जहाजं, सुकन्या, सुभद्रा आणि सुवर्णा, दक्षिण कोरियात बांधली गेली. नंतरची सावित्री, शारदा, सुजाता वगैरे विशाखापट्टणमला.

‘असं नाव का’ याचं अर्धं उत्तर या यादीतच आहे. वर्गातल्या पहिल्या जहाजाचं इंग्रजी आद्याक्षर पुढच्यांनी चालवायचं, असा नौदलात बराच प्रघात आहे. खुखरी आली की मागोमाग कुठार, किरपाण, खंजर. शिवालिकनंतर सातपुडा आणि सह्याद्री. विनाशिकांना शहरांची नावं मिळाली, लहान वेगवान नौकांना बेटांची. गस्तीवाल्यांच्या वाट्याला ही शाळेच्या हजेरीपटासारखी नावं आली. मला ती आवडतात. ‘सुनयना’ तर अगदी चपखल बसलंय. पुराणात ती जनकाची राणी, पण अर्थ पाहा: चांगल्या डोळ्यांची. दूर समुद्रात जाऊन बघत राहणं हेच जिचं काम, तिला याहून नेमकं नाव शोधून सापडलं नसतं. ठेवणाऱ्यानं इतका विचार केला होता की ‘सु’वरून नाव हवं होतं म्हणून हे घेतलं, देव जाणे.

महाडची
सावित्री म्हटलं की आम्हाला आधी नदी आठवते, मग सत्यवानाची बायको. मूळ अर्थ ‘सवित्याची’, म्हणजे सूर्याची. पण यमाच्या मागे चालत जाऊन नवऱ्याला परत आणणाऱ्या बाईचं नाव बचावकार्य करणाऱ्या जहाजाला द्यावं, हे मला पटतं. या जहाजांचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं काढायला सुमित्रा एडनला गेली होती. २०२३ मध्ये पोर्ट सुदानहून २७८ जणांची पहिली तुकडी जेद्दाला नेली ती सुमेधानं. (बघा, मीही ‘सुमेधेनं’ लिहिलं नाही.)

अनुस्वार
सरयूचं लेखन कसं करायचं? मी ‘सर्यू’ही पाहिलंय, ‘सरयु’ही.

दोन मात्रा
सरयू. ‘र’ पूर्ण, शेवटचा ऊ दीर्घ. ‘सर्यू’ हा इंग्रजी पाटीवरून उलटा केलेला शब्द. तिथे ‘र’नंतरचा ‘ए’ गाळलाय, म्हणून आपण नदीचं अक्षर का मोडायचं?

व्युत्पत्ती सुंदर आहे. ‘सृ’ म्हणजे वाहणं, सरकणं. सरिता त्याच धातूची. इराणी भाषांत अशा ‘स’चा ‘ह’ होतो, सिंधूचं हिंदू झालं तसा. सप्ताहाचं तिकडे ‘हफ्ता’ झालं आणि तोच फिरून आपल्याकडे ‘हप्ता’ म्हणून आला, वसुलीसकट. त्याच वाटेनं अफगाणिस्तानातल्या हरी रूद या नदीचं आणि हेरात शहराचं नाव सरयूचं भावंड ठरतं.

आणखी एक गंमत. शारदा हे देवीचं नाव, शरद ऋतूवरून आलेलं, पण उत्तरेत शारदा नावाची नदीही आहे. ती घाघरेला मिळते आणि तीच घाघरा अयोध्येजवळ सरयू म्हणवते. म्हणजे दोन पिढ्यांतली दोन जहाजं नकाशावर एकाच पाण्यात.

खारवी
सरयू निघालीच आहे तर सांगतो. वास्कोकरांच्या यादीतली सरयू ही दुसरी. पहिली सुकन्या वर्गातलीच होती, ती २००० साली श्रीलंकेला दिली. तिथे तिचं नाव ‘सयुरा’ झालं. सिंहली लोकांना ‘सरयू’ म्हणता येईना म्हणून अक्षरं उलटीपालटी झाली असणार.

दोन मात्रा
नाही खारवीभाऊ, इथे थांबा. ‘सयुर’ हा स्वतंत्र सिंहली शब्द आहे, अर्थ समुद्र. संस्कृत ‘सागर’, प्राकृतात ‘सायर’, त्यातला हा. सिंहलीही आपल्याच भाषाकुळातली, तेव्हा नातं आहे, पण ते सागराशी, सरयूशी नाही. ज्यानं हे नाव सुचवलं त्याला मात्र दाद द्यायला हवी. जुन्या नावाचा नाद जवळजवळ तसाच राहिला, आणि अर्थात नदी समुद्राला मिळाली.

वास्कोकर
यात भर. पुढे आमच्याच शिपयार्डनं श्रीलंकेच्या नौदलाला दोन नवी गस्ती जहाजं बांधून दिली, त्यांची नावं ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’. शेवटचं ‘राला’ म्हणजे सिंहलीतला ‘रळ’, लाट. दोन्हींचा अर्थ समुद्राच्या लाटा असाच होतो. सिंदू म्हणजे सिंधू, समुद्र या अर्थानं, आपल्या कवितेत असतो तसा. मी इतके दिवस सिंदुरालाचा संबंध शेंदराशी लावत होतो!

महाडची
नौदलाचं झालं, तटरक्षक दलाचं राहिलं. त्यांच्याकडे पुराणातल्या नाही, इतिहासातल्या बायका. १९८० च्या दशकातल्या गस्ती नौकांत जिजाबाई, चांदबिबी, ताराबाई, अहिल्याबाई होत्या. नंतर सावित्रीबाई फुले आल्या. त्यामुळे समुद्रात एक सावित्री नौदलाची आणि एक सावित्रीबाई तटरक्षक दलाची. सुभद्राही दोन: एक कृष्णाची बहीण, दुसरी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान. बातमीत नुसतं ‘सुभद्रा’ लिहिणाऱ्यानं दल कोणतं ते बघून घ्यावं.

आणि दोन मात्रा, आता तुम्हीच सांगा. या नौकांना एकेरी की आदरार्थी? ‘जिजाबाई बंदरात आली’ लिहायला माझा हात धजणार नाही.

दोन मात्रा
माझाही नाही. ‘जिजाबाई ही नौका बंदरात आली’ असं लिहून सुटका करून घ्यायची. इथे ‘नौका’ दोनदा झाली तरी चालेल.