मदत हवी आहे : एचजी१९ ची फाइल एचजी३८ वर कशी न्यावी?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मोठेपणी दूध पचण्याशी संबंधित आरएस ४९८८२३५ हा डीएनएतला बदल बघतेय. गंमत म्हणजे तो लॅक्टेजच्या (दुधातली साखर पचवणाऱ्या एन्झाइमच्या) एलसीटी जीनमध्ये नाहीच. शेजारच्या एमसीएम६ जीनच्या तेराव्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यात) आहे. दोन दिवस भलत्याच घराची कडी वाजवत होते!

आता खरी अडचण. माझी व्हीसीएफ फाइल (डीएनएतल्या बदलांची यादी) एचजी१९ ची, म्हणजे मानवी जीनोमच्या जुन्या रेफरन्स आवृत्तीची. त्यात ही जागा दुसऱ्या गुणसूत्रावर १३,६६,०८,६४६ ला आहे. यूसीएससी जीनोम ब्राउझर मी एचजी३८ वर, म्हणजे नव्या आवृत्तीवर उघडला होता, तिथे तोच बदल १३,५८,५१,०७६ ला. साडेसात लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) फरक, आणि मी आपली फाइलच बिघडली समजून बसले. यूसीएससीच्या संकेतस्थळावरचं लिफ्टओव्हर हे जागा एका आवृत्तीतून दुसरीत नेणारं साधन बेड फाइल (नुसत्या जागांची यादी) घेतं, व्हीसीएफ नाही. याच कामासाठी एनसेम्बल या जीनोम संकेतस्थळाचा असेम्ब्ली कन्व्हर्टर कुणी वापरलाय का? दोन आवृत्त्यांत रेफरन्सचा बेसच वेगळा असेल, तर तिथलं जीनोटाइप (माणसाच्या दोन प्रतींत कोणती अक्षरं आहेत ते) नीट उलटतं का? की मुकाट्याने सगळं एचजी१९ वरच करावं?

सॅम्पल माणसांचे असल्याने फाइल बाहेर अपलोड करायला मॅडमची सक्त मनाई आहे. त्यामुळे सध्या आयजीव्ही या जीनोम बघायच्या प्रोग्राममध्ये लॅपटॉपवरच बघते. लॅपटॉपवर चालणारा उपाय असेल तर फारच बरं.

अजून एक : पेपरात हा बदल सी-टी असा दिलाय, ब्राउझरमध्ये जी-ए. एलसीटी उलट्या धाग्यावर आहे म्हणूनच ना?