आम्लवर्षेतून सावरणाऱ्या तळ्यासाठी कुठलं मॉडेल घ्यावं?

देवराई:
नमस्कार मंडळी. दक्षिण नॉर्वेतल्या एका तळ्यावर मास्टर्सचा प्रबंध करतेय. पावसातलं गंधक कमी झाल्यावर पाणी आणि ट्राउट मासे कधी सावरतील, याचं २०५०पर्यंतचं भाकीत करायचंय. १९८६, १९९५ आणि २०१९ या तिन्ही वर्षांच्या हजार तळ्यांच्या पाहण्यांत हे तळं आहे. मातीची मोजमापं मात्र एकाच वेळची. मॅजिक, व्हीएसडी प्लस, फोरसेफ, पीनेट-बीजीसी ही मॉडेलांची नावं वाचून गरगरायला लागलंय. गाईड म्हणतात, "तूच ठरव." जाणकारांनी सांगावं.

कातळ:
मॅजिक घ्या. १९८५ साली व्हर्जिनियात कॉस्बी आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं, पण नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर ते भरपूर वापरलं गेलंय. त्यामुळे अडलात तर विचारायला माणसं तिथेच भेटतील. आत मामला सरळ आहे: पाणलोटाची सगळी माती एक-दोन थरांत धरायची आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियमचा जमाखर्च मांडायचा. खडक झिजून किती आले, पावसातून किती, ओढ्यातून किती गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मॉडेल चालवायचं आणि मोजलेली माती व पाणी जुळेपर्यंत झिजेचा वेग आणि सुरुवातीचं बेस सॅच्युरेशन (मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत या चौघांचा वाटा) फिरवत राहायचं. म्हणून तुमची ती एकच मातीची मोजणी फार मोलाची आहे. फोरसेफला खनिजं, झाडांची वाढ, हवामान असं सगळं तपशिलात लागतं. एका प्रबंधात झेपणार नाही.

देवराई:
आणि व्हीएसडी प्लस? एका सिनियरने तेच सुचवलंय, सोपं आहे म्हणून.

कातळ:
सोपं आहे, खरंय. पण त्याचा जीव जंगलाच्या मातीत. क्रिटिकल लोडचे, म्हणजे निसर्गाला इजा न होता किती प्रदूषण पडलेलं झेपेल याचे, युरोपभराचे नकाशे काढायला ते बरं. तुम्हाला उत्तर तळ्याच्या पाण्याचं हवंय.

सिराक्यूजकर:
आमच्या गावचं पीनेट-बीजीसी कोणी सुचवलं नाही म्हणून निषेध :) पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे जंगलाचा डेटा नसेल तर नकोच.
गंधक उतरलं म्हणजे तळं बरं झालं, असं मात्र धरू नका. इथे अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक या प्रयोगाच्या जंगलात लाइकन्स, ड्रिस्कॉल आणि ब्यूसो या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं, की आम्लाने मातीतलं कॅल्शियम इतकं धुऊन नेलंय की पाऊस सुधारला तरी ओढा सावकाशच सावरतो. पुढे १९९९मध्ये तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट टाकलं. भरपाई खडकाच्या झिजेनेच व्हायची असेल तर दशकं जातात. तुमच्या आलेखात पाण्याची रेघ त्या मानाने लवकर वर येईल, बेस सॅच्युरेशनची रेघ जवळजवळ आडवी राहील. प्रबंधात दोन्ही दाखवा.

गप्पिष्ट:
वाचक म्हणून एक बाळबोध शंका. सह्याद्रीत हे चालवता येईल का?

कातळ:
गणित चालेल, आकडे नवे लागतील. आपल्याकडच्या धुळीतलं कॅल्शियम पावसातलं आम्ल बरंचसं मारतं. शिवाय लोह-ॲल्युमिनियमने भरलेली जुनी माती सल्फेट धरून ठेवते आणि नंतर हळूहळू सोडते, व्हर्जिनियात तेच होतं. नॉर्वेची माती हिमनद्यांनी खरवडलेली, पातळ. तिथे ही उधारी कमी. असो, धागा भरकटायला नको.

ओहोळ:
देवराई, तीन पाहण्या आहेत तर तिन्ही कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेल मोजमापांशी जुळवण्यात, ओतू नका. १९८६ आणि १९९५वर मॉडेल बसवा, २०१९ झाकून ठेवा, मग ताडून बघा. मॉडेलचा पीएच मोजलेल्यापेक्षा जास्त निघाला तर लगेच झिजेच्या आकड्याला हात लावू नका. आधी पाणी तपकिरी झालंय का ते बघा: गंधक घटलं तसा तिकडच्या अनेक तळ्यांत सेंद्रिय कार्बन वाढला, आणि ती आम्लं पीएच दाबून ठेवतात.
तळं किनाऱ्याजवळ असेल तर आणखी एक भानगड. वादळात समुद्राचं मीठ येऊन पडतं, त्यातला सोडियम मातीतून आम्ल आणि ॲल्युमिनियम बाहेर ढकलतो. जानेवारी १९९३च्या वादळानंतर हेच झालं. वर्षाच्या सरासरीवर चालणाऱ्या मॉडेलला असे काही दिवस दिसतच नाहीत, आणि मासे मरतात ते त्याच दिवसांत, ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसून. ट्राउटसाठी नॉर्वेत आम्ल पचवण्याच्या क्षमतेची, म्हणजे एएनसीची, २० मायक्रोइक्विव्हॅलंट प्रति लिटर ही मर्यादा वापरतात. ती ओलांडली की पाणी माशांजोगं झालं, एवढंच म्हणा. मासे परतले असं मॉडेलच्या जिवावर लिहू नका. वर चढायला ओढा मोकळा हवा, नाहीतर कोणीतरी आणून सोडायला हवेत.

देवराई:
ओहोळ, तळं समुद्रापासून फार लांब नाही. मग महिन्याच्या टप्प्याने चालवू का?

ओहोळ:
पावसाचं रसायन महिन्यागणिक मिळत असेल तर चालवा. नसेल तर वार्षिकच ठेवा आणि वादळांवर वेगळा परिच्छेद लिहा.